ओटा वाळेपर्यंत

४ मार्च

अण्णा महिनाअखेर घरी येणार. डॉक्टरांनी ताईला सांगितलं, ताईने मला. खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालंय, आता फिजिओथेरपीच्या सेंटरमध्ये वॉकर धरून चालवतायत. ताईचा विचार त्यांना तिच्याकडे न्यायचा. तिच्याकडे तळमजल्यावर खोली आहे, बाथरूममध्ये दांडे बसवून घेतलेत, भावोजी स्वभावाने गरीब आहेत, वगैरे. मी स्वच्छ सांगितलं, अण्णांचं घर हे आहे, अण्णा इथेच येणार, आणि त्यांचं सगळं बघायला त्यांचा मुलगा समर्थ आहे. त्यावर ती बराच वेळ गप्प. मुद्दा पटला की ताई गप्प होते.

शेवटी तिने एक अट घातली. घरापुढचा लाकडी डेक नीट व्हायला हवा. (अण्णा त्याला ओटा म्हणतात. मीही आता म्हणतो.) घसरले ते तिथेच. फाटकातून उतार चढून ओटा आणि मग दार, अण्णांना घरात शिरायची सोयीची वाट तेवढी एकच, आणि रंगाचे पोपडे असे उठलेत की वॉकरचा पाय अडकलाच म्हणून समजा. तेव्हा जुना रंग मुळापासून काढायचा, लाकूड मोकळं करायचं, तेल पाजून पक्कं करायचं. झालं तर अण्णा इकडे, नाही तर तिकडे.

चार दिवसांचं काम. अख्खा महिना हातात. खरं तर तिने जरा अवघड अट घालायला हवी होती.

५ मार्च, दुपार

उठायला उशीर झाला. अण्णा नाहीत म्हणून. घड्याळाचा गजर वाजतो, पण त्यात जरब नाही.

चहाची पावडर सापडेना. अण्णा वस्तू कुठेही ठेवतात. बारा वाजता सापडली, चहाच्या डब्यात.

कामाला सुरुवात केली, म्हणजे व्हिडिओ बघितला. एक दाढीवाला आहे, तो ओटे खरवडतो. माणूस हुशार वाटला, पण फार पाल्हाळ. सुरुवातीचा भाग बघितला, पुढे तो तेच तेच सांगणार हे ओळखून बंद केला. मग कामाचा नकाशा काढला. लाल रंगात रंग काढणे, हिरव्यात घासणे, निळ्यात तेल. हिरवं स्केचपेन वाळलेलं निघाल्यामुळे बाहेर जावं लागलं. नकाशा अप्रतिम झालाय. अण्णांना दाखवायला ठेवणार.

७ मार्च

पेंटच्या दुकानात गेलो. दुकानदाराला आपली सगळी पद्धत समजावून सांगितली. तो प्रत्येक वाक्याला म्हणाला, बरोबर आहे साहेब. इतका जाणकार माणूस अलीकडे भेटलेला नाही. रंग विरघळवणारं रिमूव्हर घेतलं, पत्र्याच्या पट्ट्या, हातमोजे, चष्मा, ब्रश लहान, ब्रश मोठा आणि ब्रश आणखी मोठा. येताना रिक्षा करावी लागली. दमल्यामुळे आज काम नाही.

९ मार्च

ओटा रिकामा केला. अण्णांचा बाक, कुंड्या, चपलांचं कपाट, मोडकी सायकल, सगळं घराला वळसा घालून मागे नेलं आणि मागच्या बोळात नीट रचलं. बाक तर शिसवी आहे की शिळेचा, देव जाणे. तो मागच्या दाराला टेकवून ठेवला, त्याला टेकून बाकीचं. दार बाहेर उघडतं, त्यामुळे आता ते उघडत नाही. हरकत नाही. मागच्या दाराने जातंय कोण?

शेजारच्या वहिनी कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांना मी मनात रेडिओ म्हणतो. त्यांच्या कानावर गेलं की सकाळच्या बातम्यांत येतं. त्यांनी विचारलं, मागचं दार अडवलंत का? मी म्हटलं, तात्पुरतं. त्या आणखी काही म्हणणार होत्या, पण मी नकाशा काढून वाचू लागलो.

१० मार्च

ऐन दुपारी रिमूव्हर लावलं. मुद्दाम दुपारी. ऊन असलं की औषध जोरात काम करणार, हे सांगायला दाढीवाला कशाला हवा? संपूर्ण ओट्यावर एका दमात फासलं आणि ते भिजेपर्यंत जरा आडवा झालो.

संध्याकाळी. उठून बघतो तो औषध वाळून पापडासारखं कडक. रंग खालीच. आधी रंगाचे थर होते, आता रंगाचे थर आणि वर औषधाचा एक. करायला गेलो एक नि झालं भलतंच. पट्टीने खरवडून बघितलं, पट्टी वाकली. पट्ट्या हलक्या दर्जाच्या निघाल्या. उद्या दुकानदाराला सुनावणार.

११ मार्च

दुकानदाराला सुनावलं. तो म्हणाला, बरोबर आहे साहेब, आणि महागातल्या पट्ट्या दिल्या.

ताईचा फोन. किती झालं विचारत होती. साठ टक्के म्हटलं. हे खोटं नाही. नकाशा, खरेदी, जागा रिकामी करणं आणि मानसिक तयारी धरली तर साठच्या वरच जाईल.

१३ मार्च

दाढीवाल्याचा व्हिडिओ थोडा पुढे बघितला. तो म्हणतो, औषध उन्हात लावू नका, आणि लावल्यावर प्लॅस्टिकने झाका. हे त्याने सुरुवातीलाच सांगायला नको? लोकांना शिकवण्याची काही शिस्त असते.

सकाळीच पुन्हा लावलं. जेवणाच्या टेबलावरचं प्लॅस्टिक, बाथरूमचा पडदा आणि अण्णांचा रेनकोट पसरून झाकलं. आणि काय सांगू! तासाभराने रंग सायीसारखा सुटला. वरचा तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली राखाडी, त्याखाली पिवळा. आमच्याकडे जुना रंग कधी काढलाच नाही. पाहुणे यायचे ठरले की आदल्या दिवशी अण्णा वरून एक हात मारायचे. पिवळा आईच्या आवडीचा. मी लहानपणी त्यावर बसून अभ्यास करायचो, म्हणजे बसायचो. क्षणभर गहिवरून आलं. तेवढ्यात औषध हातमोज्यातून आत गेलं.

दाराजवळचा एक चौकोन पूर्ण मोकळा झाला. खालचं लाकूड इतकं सुंदर आहे की अण्णा बघतच राहतील. हा वेग धरला तर परवा संपेल.

१४ मार्च

कंबर.

१५ मार्च

कंबर. शिवाय रेनकोटची बाही विरघळली आहे.

१६ मार्च

कंबर बरी आहे, पण अशा वेळी घाई केली तर कायमचं दुखणं मागे लागतं. अण्णा येतील तेव्हा त्यांना उचलायला धडधाकट माणूस हवा. त्यांच्याच भल्यासाठी आज पडून राहिलो.

१८ मार्च

निश्चय. उद्यापासून रोज सहाला उठणे. सहा ते बारा काम. जेवण हलकं. दुपारी अण्णांसाठी घरात काय काय लागेल त्याची तयारी. मन प्रसन्न आहे.

१९ मार्च

साडेदहाला उठलो. आज अण्णांना भेटायचा दिवस, त्यामुळे तसंही काम होणार नव्हतं.

अण्णा चांगले दिसले. गालावर थोडं मांस आलंय. सेंटरच्या व्हरांड्यात वॉकर धरून एक फेरी मारून दाखवली. मला ओट्याबद्दल बोलायचं होतं, पण तेच विचारत बसले. सकाळी उठवतं कोण तुला? जेवतोस काय? इस्त्रीचे कपडे आणलेस का परत? दाढी का वाढवलीस? मी सगळ्याची व्यवस्थित उत्तरं दिली. बिचाऱ्यांना माझ्यावाचून करमत नाही, दुसरं काय. निघताना माझा हात धरून म्हणाले की जरा बस, तुझ्याशी बोलायचंय. पण तेवढ्यात त्यांची व्यायामाची वेळ झाली. मी म्हटलं, आता घरी आल्यावर निवांत बोलू, ओट्यावर बसून. ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे, की वाऱ्याने, कळलं नाही.

येताना ठरवलं, आता काहीही झालं तरी हे काम पूर्ण करायचं. त्या माणसाला त्याच्या घरी आणायचं. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाहीये.

२१ मार्च

यंत्रयुगात माणसाने गुडघ्यावर बसून खरवडावं हे मला कधीच पटलं नव्हतं. जोरात पाणी मारायचं मशीन भाड्याने आणलं. मोटार धुतात तसलं. दुकानदाराला विचारलं, लाकडाला चालेल ना? म्हणाला, तुम्ही म्हणताय तर चालेल साहेब.

चाललं. रंग तर गेलाच, पण लाकूडही जायला लागलं. पाण्याची धार जिथे जिथे फिरली तिथे तिथे फळीला खोल चर पडले आणि वर कापसासारखा भुगा फुलून आला. एक खिळा उडून कुठे गेला कळलं नाही. मशीन बंद करायचं बटण शोधेपर्यंत पाईप हातातून सुटला आणि कुंपणापलीकडे वहिनींच्या बैठकीच्या खोलीत पाणी गेलं. खिडकी त्यांनी उघडी ठेवली होती, यात माझा काय दोष?

वहिनी केस पुसत बाहेर आल्या. मी त्यांना समजावलं की फळ्याच मुळात वाकड्यातिकड्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे धार उसळली. त्या म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. इतक्या मोठ्याने म्हणाल्या की समोरच्या घरातली माणसं हसली. आता हे आठवडाभर प्रसारित होणार.

२३ मार्च

लाकडाला केस आलेत, असंच म्हणावं लागेल. हात फिरवला तर मांजर कुरवाळल्यासारखं वाटतं. पण घाबरायचं कारण नाही, आता घासकाम. घासायचं मशीन आणलं. पॉलिश पेपर निवडताना दुकानदाराला सांगितलं, सगळ्यात बारीक दे, खरखरीत पेपर हे गबाळ्या कारागिराचं लक्षण. म्हणाला, बरोबर आहे साहेब.

खिळ्यांची डोकी वर आलेली. पेपर टराटरा फाटतात. खिळे आधी ठोकून आत घालायला हवे होते, पण हातोडी चपलांच्या कपाटात, कपाट मागच्या बोळात, बोळात जायचं तर आधी सायकल काढा. त्यापेक्षा पेपर परवडले.

२५ मार्च

तीन दिवसांचा भुगा नाकातोंडात गेला, पण ओटा बघा! गुळगुळीत. आरसा. चरसुद्धा आरशासारखे गुळगुळीत. मोज्यांवर उभं राहिलं तर दारापासून उतारापर्यंत आपोआप जातो मी.

ताई न सांगता बघायला आली. पहिलं पाऊल टाकलं आणि तिचा पाय सरकला. मी दंड धरला म्हणून वाचली. मग तिने चपला काढल्या आणि भिंतीला धरून धरून आत आली. ओट्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पाणीसुद्धा मागितलं नाही. इतकी चकित झालेली ताई मी प्रथमच पाहिली.

जाताना म्हणाली की एकतीस तारखेला अण्णांना सोडणार आहेत, सकाळी. मी म्हटलं, घेऊन ये इकडे, ओटा तयार असेल. ती म्हणाली, बघू. मग उतारापाशी थांबून म्हणाली, तू नीट जेवत जा. हल्ली सगळे मला जेवणाचंच का विचारतात?

२६ मार्च

मधल्या दोन फळ्या कुजलेल्या निघाल्या. बोट आत गेलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही लाकडावर नव्हे, रंगावर उभे होतो. रंगानेच ओटा धरून ठेवला होता आणि तो मी काढला.

पहिल्यांदाच मनात आलं की हे जमणार नाही. पाच मिनिटं तिथेच बसून राहिलो. अण्णा ताईकडे गेले तर या घरात मी एकटा राहीन, हा विचार आतापर्यंत केलाच नव्हता. संध्याकाळी दिवा लावायचा तोही मीच, आणि बघायचं तेही मीच.

मग उपाय सुचला. लांबी! रंगवाले भिंतीतल्या खड्ड्यांत भरतात ती. दोन डबे लांबी, त्यात घासल्याचा भुगा, मळून दोन्ही फळ्यांत गच्च भरली. वाळल्यावर कोण म्हणेल खाली काही नाही?

२८ मार्च

ऐतिहासिक दिवस. तेल.

डब्यावर लिहिलंय, पातळ एक हात द्यावा आणि जास्तीचं तेल फडक्याने पुसून घ्यावं. आता मला सांगा, विकत घेतलेलं तेल पुसून टाकायला आपण काय वेडे आहोत? शिवाय लाकूड तेल पीतच नव्हतं, वरच तरंगत होतं. इतकं घासून बारीक केल्यामुळे त्याची तोंडं मिटली असावीत. म्हणजे त्याला जास्त पाजायला हवं, हे साधं शास्त्र. पहिला हात दिला. तो वाळायची वाट न बघता दुसरा. उरलं होतं म्हणून तिसरा.

आणि अक्कल बघा. मूर्ख माणसं कोपऱ्यात रंगवत जातात आणि तिथेच अडकतात. मी उताराकडून सुरुवात केली आणि मागे मागे सरकत थेट घराच्या दारात आलो. शेवटचा हात दिला, उंबरठ्याच्या आत पाय घेतला, दार लावून घेतलं. वळून बघितलं. ओटा मधासारखा चमकत होता.

दुपारी. घरात दूध नाही. बाहेर जायचं तर ओट्यावरून जावं लागेल. मागचं दार उघडत नाही. खिडक्यांना गज आहेत.

ठीक आहे. डब्यावर लिहिलंय, एका दिवसात वाळतं.

२९ मार्च

वाळला नाही. बोट लावलं तर तार निघते. सकाळी पेपरवाल्याने पेपर टाकला तो मधोमध चिकटला. मथळा इथूनच वाचता येतो. एक मांजर येऊन गेलं, त्याची पावलं उमटलीत. मांजर परत जाताना फार रागावलेलं होतं.

वहिनींनी खिडकीतून विचारलं, अडकलात का? मी म्हटलं, छे, देखरेख करतोय, अशा वेळी घर सोडता येत नाही. त्या म्हणाल्या, मागचा बाक हलवायला चार माणसं बोलावू का? म्हणजे सगळ्या आळीला कळणार. मी म्हटलं, गरज नाही. थोड्या वेळाने त्यांनी लादी पुसायच्या दांड्याला पिशवी अडकवून ब्रेड आणि दोन उकडलेली अंडी गजातून आत दिली. मी नको नको म्हटलं. अंडी छान होती.

३० मार्च

वाळला नाही.

अण्णांची अंघोळीनंतर लावायची पावडर पडून होती. ओल्या अंगाला लावली की अंग कोरडं होतं, तर ओट्याला का नाही? दारात उभा राहून सबंध डबा झटकला. ओटा पांढरा झाला. चिकट तो चिकटच, पण आता पांढरा आणि सुवासिक.

संध्याकाळी ताईचा फोन. तिला काहीतरी सांगायचं होतं, दोनदा सुरुवात केली. पण मी तिला बोलू दिलं नाही. म्हटलं, काही सांगू नकोस, ओटा शंभर टक्के तयार आहे, मी अट पूर्ण केलीय, उद्या अण्णांना इकडेच आण. ती म्हणाली, अण्णांनाच तुझ्याशी बोलायचंय, उद्या आधी तुझ्याकडेच घेऊन येते. बघा! शेवटी रक्ताचं ते रक्ताचं. उद्या सकाळपर्यंत वाळेल. रात्रीची हवा असते.

अण्णांची गादी उन्हाला लावायची राहिली. चादर मात्र बदलली.

३१ मार्च

साडेनऊला टॅक्सी आली. मी सातपासून दारात. (हो, सातला उठलो. कोणी न उठवता.) वाळला नव्हता.

आधी ताई उतरली, मग वॉकर, मग अण्णा. उतार चढून ओट्याच्या कडेपर्यंत आले, सावकाश, एकेक पाऊल टाकत. वॉकरचा पुढचा पाय ओट्यावर टेकवला आणि उचलायला गेले तर तो उचलेना. ताईने दोन्ही हातांनी ओढून सोडवला. मग ते कडेलाच थांबले. ते तिकडे, मी दारात, मध्ये हा पांढरा ओटा, त्यावर परवाचा पेपर आणि मांजराची पावलं.

मी बोलत सुटलो. म्हटलं, फक्त आजचा दिवस, हवेत दमटपणा आहे, तेल जरा उच्च प्रतीचं असल्यामुळे वेळ घेतं, तोवर वहिनींकडे बसा, चहा घ्या, संध्याकाळपर्यंत कोरडा ठणठणीत होतो, नाहीतर फळी टाकू, फळीवरून या. ताईला म्हटलं, तू यात पडू नकोस, तुला पहिल्यापासून त्यांना न्यायचंच होतं. ताईने मान फिरवली. रडत होती. मला वाटलं, हरल्यामुळे.

अण्णांनी हात वर केला. लहानपणापासून त्यांनी हात वर केला की मी गप्प होतो.

म्हणाले, "तिला बोलू नकोस. मीच तिला म्हणालो, मला तुझ्याकडे ने. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी म्हणालो. तीच म्हणत होती, त्याला एक संधी द्या, तो ओटा करतोय."

मी म्हटलं, पण का? काय कमी पडलं?

ते वॉकरकडे बघत बोलले. "कमी काही नाही रे. इथे आलो की मला तुझं बघावं लागतं. उठवा, चहा करा, दोन वेळचं करा. रोज वाटायचं, उद्या हा करेल. त्या दिवशी पडलो ना, तेव्हा तिथेच पडल्या पडल्या पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? वाटलं, चला, आता काही दिवस झोपायला मिळेल. आता माझ्याच्याने होत नाही."

मी म्हटलं, "अण्णा, आता मी तुमचं बघणार होतो."

ते म्हणाले, "हो रे. माहीत आहे मला."

रागावून म्हणाले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

मग त्यांनी कपडे मागितले. मी आत जाऊन कपाट उघडलं. सदरे, स्वेटर, पायजमे, लोकरीचे मोजे, सगळं त्यांच्याच हातच्या घड्यांचं. माझ्या हाताला ते वळण नाही, त्यामुळे बॅगेत भरताना घड्या मोडल्या. बॅग पलीकडे कशी द्यायची? दारातून झोका देऊन फेकली. जोर कमी पडला. बॅग ओट्याच्या मधोमध पडली, नेमकी लांबी भरलेल्या फळ्यांवर. फळ्या कर्रकन वाजून खचल्या, बॅग अर्धी आत गेली. वहिनी दांडा घेऊन धावल्या. ताईने त्या दांड्याने बॅग कशीबशी ओढून घेतली. बॅगेची खालची बाजू पांढरी आणि चिकट झाली होती. ताईने टॅक्सीत पेपर पसरून त्यावर ठेवली.

अण्णा टॅक्सीत बसायच्या आधी थांबले आणि मला म्हणाले की ब्रेडवर राहू नकोस. मी हो म्हटलं. त्यांना वाकून नमस्कार करायचा होता. दारातूनच केला.

टॅक्सी गेल्यावर वहिनी चार माणसं घेऊन मागे गेल्या आणि बाक हलवून दार उघडलं. आळीत कोणालाच काही सांगितलं नसावं त्यांनी, कारण संध्याकाळपर्यंत कोणी हसलं नाही.

६ एप्रिल

सहाला जाग आली. उठून काय करायचं ते कळेना, म्हणून आठपर्यंत तसाच पडलो.

ओटा वाळला. पाऊल टाकलं तर चिकटत नाही. मध्ये भोक आहे, त्यावर मोडकी सायकल आडवी टाकलीय, कोणी पडू नये म्हणून. येणार कोण आहे म्हणा.

नऊ वाजता ताईला फोन केला. अण्णांना द्यायला सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, झोपलेत. मी घाबरलो. अण्णा कधी पाचनंतर अंथरुणात दिसलेत? विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, छान आहेत, रोजच नऊ-साडेनऊला उठतात हल्ली. तिनेही पहिल्या दिवशी घाबरून हलवून बघितलं, तर म्हणाले, आता कशाला लवकर उठू?

मी म्हटलं, झोपू दे. खरंच झोपू दे त्यांना. आणि फोन ठेवल्यावर फार रडलो. कोणी बघायला नव्हतं, त्यामुळे किती वेळ ते माहीत नाही.

मग भात करायला घेतला. तांदूळ धुतले. पातेलं सापडलं. पाणी किती घालायचं ते माहीत नाही. वहिनींना विचारता येईल, पण मला अण्णांनाच विचारायचं आहे. ते उठले की फोन करायला लावते, असं ताई म्हणालीय. तोपर्यंत गॅस पेटवलेला नाही.